विमानाचे ‘माइल्स’ दरवर्षी स्वस्त का होतात? : खासगी चलन आणि भाववाढीचा एक पाठ



अकरावीला ‘पैसा’ हे प्रकरण शिकवताना मी दरवर्षी वर्गात एक प्रश्न विचारतो. किराणा दुकानात तुम्हाला तीन रुपये परत यायचे आहेत. दुकानदार म्हणतो, “सुटे नाहीत, चॉकलेट घे.” तुम्ही तीन चॉकलेटं घेऊन घरी येता. आता दुसऱ्या दिवशी तीच चॉकलेटं घेऊन त्याच दुकानात जा आणि म्हणा, “काका, ही तीन चॉकलेटं घ्या आणि मला काडेपेटी द्या.” देईल का तो?

वर्गात हशा पिकतो. कोणी म्हणतं, “सर, हाकलून देईल!” पण हसून झाल्यावर मागच्या बाकावरचा एखादा मुलगा विचारतो, “पण सर, देताना तर त्यानं ते पैसे म्हणूनच दिलं होतं ना?”

बस्स. आजचा सगळा पाठ या एका प्रश्नात आहे. देताना ज्याला पैसा म्हटलं, घेताना त्याची किंमत कोण ठरवणार? चॉकलेटाचं उदाहरण तीन रुपयांचं आहे. आज आपण याच जातीचं, पण अब्जावधी डॉलरचं उदाहरण पाहणार आहोत. ते म्हणजे विमान कंपन्यांचे ‘माइल्स’.

हा विषय माझ्या डोक्यात घरातूनच आला. माझी मोठी बहीण न्यू जर्सीला असते. आमच्या आईला एकदा तरी अमेरिका दाखवायची, ही तिची फार इच्छा. आईचे गुडघे तेव्हाही कुरकुरत होते. मुंबईहून तिकडचं विमान पंधरा-सोळा तासांचं. ताई म्हणाली, “आईला साध्या वर्गात आखडून बसवायचं नाही. माझे माइल्स साठतायत, दोन वर्षांत पुरे होतील. मग तिला बिझनेस क्लासनं आणते, पाय लांब करून झोपून येईल.” पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी विषय समजून घेऊ.

१. माइल्स म्हणजे नेमकं काय?

एखाद्या विमान कंपनीच्या योजनेत तुम्ही सभासद झालात की प्रत्येक प्रवासानंतर तुमच्या खात्यात काही गुण जमा होतात. या गुणांना माइल्स म्हणतात. पुरेसे जमले की त्या बदल्यात फुकट तिकीट किंवा वरच्या वर्गाची जागा मिळते.

इथे एक गंमत लक्षात घ्या. मराठीत आपण अंतर मोजताना ‘मैल’ म्हणतो आणि या गुणांना ‘माइल्स’ म्हणतो. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. सुरुवातीला अर्थही जवळजवळ एकच होता: जितके मैल उडाल, तितके माइल्स मिळतील. आज मात्र मैल आणि माइल्स यांचा संबंध बराचसा तुटला आहे. मैल १९८१ मध्ये जेवढा होता तेवढाच आजही आहे. माइल मात्र आकसत गेला. कसा, ते बघू.

२. सुरुवात कशी झाली?

१९७८ पर्यंत अमेरिकेत देशांतर्गत विमानभाडं कंपन्या ठरवत नसत. एक सरकारी मंडळ भाडं आणि मार्ग ठरवून देई. सगळ्यांचं भाडं सारखंच, म्हणून स्पर्धा कशात? तर जेवणात आणि सेवेत. ऑक्टोबर १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी नियंत्रणमुक्तीच्या कायद्यावर सही केली. भाडी मोकळी झाली, नव्या कंपन्या आल्या, दरयुद्ध सुरू झालं. जो आज आपल्याकडे आला तो गिऱ्हाईक उद्या दहा डॉलर वाचवायला दुसरीकडे जाऊ लागला.

त्याला बांधून कसं ठेवायचं? १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘ॲडव्हान्टेज’ ही योजना सुरू केली. आठवड्याभरातच युनायटेडने आपली ‘मायलेज प्लस’ योजना आणली. त्याच वर्षी इतर मोठ्या कंपन्याही मागोमाग आल्या.

कल्पना हुशारीची होती. त्या काळात अमेरिकेतील विमानांमध्ये शंभरातल्या सुमारे चाळीस जागा रिकाम्याच जात. विमान उडाल्यावर रिकाम्या जागेची किंमत शून्य. भाजीवाली मावशी संध्याकाळी उरलेली कोथिंबीर नेहमीच्या गिऱ्हाइकाला तशीच देते ना, तसंच हे. कंपनीचा खर्च फारसा नाही आणि गिऱ्हाईक खूश.

३. माइल्स हा पैसा आहे का?

पैशाची चार कार्ये आपण शिकलो आहोत. त्या कसोटीवर माइल्स घासून पाहू.

विनिमयाचे माध्यम: माइल्स देऊन तिकीट मिळतं, काही ठिकाणी हॉटेल आणि वस्तूही मिळतात. म्हणजे काही प्रमाणात हो. पण ते स्वीकारणारी दुकानं मोजकीच.

मूल्यमापनाचे साधन: “हे तिकीट २५,००० माइल्सचं” असं आपण म्हणतो. म्हणजे हो.

विलंबित देणी देण्याचे साधन: तुम्ही कोणाकडून उधार घेऊन “पुढच्या वर्षी माइल्समध्ये फेडतो” म्हणू शकत नाही. बहुतेक योजनांच्या नियमांत माइल्स दुसऱ्याला विकायलाही बंदी असते. म्हणजे नाही.

मूल्यसंचयाचे साधन: इथेच खरी मेख आहे. आज साठवलेले माइल्स पाच वर्षांनी तितकंच विकत घेतील का? गेल्या चार दशकांचा अनुभव सांगतो की नाही.

तरीही आकार बघा. ‘द इकॉनॉमिस्ट’ या ब्रिटिश साप्ताहिकाने २००५ मध्ये हिशोब मांडला होता की जगभरात लोकांनी न वापरलेल्या माइल्सची एकूण किंमत चलनात असलेल्या सगळ्या डॉलर नोटांपेक्षाही जास्त झाली आहे. एवढं मोठं चलन, आणि त्याला रिझर्व्ह बँक नाही!

४. एका माइलची किंमत कशी काढायची?

सूत्र अगदी सोपं आहे. वहीत लिहून घ्या.

एका माइलची किंमत = (तिकिटाची रोख किंमत − माइल्सवर घेतलं तरी भरावे लागणारे कर) ÷ लागणारे माइल्स

समजा एक तिकीट रोखीने ५१० डॉलरला मिळतं. तेच माइल्सवर घेतलं तर २५,००० माइल्स आणि १० डॉलर कर पडतो. म्हणजे ५०० डॉलर भागिले २५,०००. एका माइलची किंमत आली २ सेंट.

आता समजा रोख भाडं तेच राहिलं, पण कंपनीने माइल्स २५,००० वरून ४०,००० केले. आता ५०० भागिले ४०,००० म्हणजे सव्वा सेंट.

इथे एक प्रश्न विचारतो, आणि यात हुशार मुलंही चुकतात. माइल्सचा भाव किती टक्के पडला? बरेच जण म्हणतात ६० टक्के, कारण २५ चे ४० झाले. नाही. तिकिटाचा ‘माइल्समधला दर’ ६० टक्क्यांनी वाढला. पण तुमच्याकडच्या माइलची ‘किंमत’ २ सेंटवरून सव्वा सेंटवर आली, म्हणजे ३७.५ टक्क्यांनी घटली. दोन्ही खरं आहे, पण दोन्ही एक नाही.

असंच एक खरं उदाहरण आपल्या देशाचं आहे. ६ जून १९६६ रोजी भारत सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं. आदल्या दिवशी डॉलर ४ रुपये ७६ पैशांना होता, तो ७ रुपये ५० पैशांना झाला. डॉलर सुमारे ५७.५ टक्क्यांनी महागला आणि रुपयाची किंमत सुमारे ३६.५ टक्क्यांनी घटली. आपल्या काल्पनिक उदाहरणाच्या अगदी जवळचे आकडे! फरक एवढाच की रुपयाच्या अवमूल्यनाची जाहीर घोषणा झाली आणि त्यावर मोठा गदारोळ उठला. माइल्सचं अवमूल्यन बऱ्याचदा गुपचूप होतं. सकाळी उठून पाहावं तर तिकिटाचा आकडा बदललेला.

५. किंमत घसरण्याची कारणे

(अ) छापखाना आणि दुकान एकाच मालकाचं

सुरुवातीला माइल्स फक्त उडणाऱ्यांना मिळत. पुढे बँका आल्या. क्रेडिट कार्डावर खर्च करा आणि माइल्स मिळवा. हे माइल्स बँक विमान कंपनीकडून रोख पैसे देऊन विकत घेते आणि ग्राहकाला देते. म्हणजे किराणा भरताना, पेट्रोल टाकताना, मुलांची फी भरतानाही माइल्स जमू लागले. विमानात पाय न ठेवता!

विमान कंपनीला हा धंदा फार आवडला. विमान उडवायला इंधन लागतं, वैमानिक लागतो. माइल तयार करायला संगणकात एक आकडा वाढवावा लागतो. नोटेला निदान कागद तरी लागतो.

आता आठवा चलन संख्यामान सिद्धांत. अर्व्हिंग फिशर सांगतात की वस्तूंचं प्रमाण आणि पैशाचा भ्रमणवेग तेवढाच राहिला आणि पैसा मात्र वाढत गेला, तर किमती वाढतात. इथे ‘वस्तू’ म्हणजे विमानातल्या जागा. माइल्स धो धो वाढले, जागा त्या मानाने वाढल्या नाहीत. मग एका जागेमागे जास्त माइल्स लागणार हे ओघानेच आलं.

(आ) रिकाम्या जागा उरल्याच नाहीत

ही योजना रिकाम्या जागांवर उभी होती, हे आपण पाहिलं. पण नंतर कंपन्यांनी संगणकाच्या मदतीने भाडी आणि फेऱ्या अशा जुळवल्या की विमानं भरू लागली. अमेरिकेत भरलेल्या जागांचं प्रमाण १९८० च्या सुमारास ६० टक्क्यांच्या आसपास होतं, ते २०१० नंतर ८० टक्क्यांच्या वर गेलं. कंपन्यांची एकमेकींत विलीनीकरणंही झाली: डेल्टा आणि नॉर्थवेस्ट, युनायटेड आणि कॉन्टिनेन्टल, अमेरिकन आणि यूएस एअरवेज. स्पर्धक कमी, जागा भरलेल्या. कोथिंबीर संध्याकाळपर्यंत संपत असेल तर मावशी ती फुकट का देईल?

(इ) मैलांऐवजी खर्चावर मोजमाप

२०१५ हे वर्ष महत्त्वाचं आहे. त्या वर्षी डेल्टा आणि युनायटेड यांनी, आणि २०१६ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने, माइल्स देण्याची पद्धतच बदलली. किती मैल उडालात हे न पाहता तिकिटावर किती डॉलर खर्च केले ते पाहायचं. साध्या सभासदाला एका डॉलरमागे ५ माइल्स.

हिशोब करून बघा. मुंबई ते न्यूयॉर्कजवळचं नेवार्क हे अंतर सुमारे ७,८०० मैल. जाऊन-येऊन १५,६०० मैल. जुन्या पद्धतीत साधारण तेवढेच माइल्स खात्यात पडत. आता समजा तिकिटाचं मूळ भाडं ९०० डॉलर आहे. नव्या पद्धतीत ९०० गुणिले ५, म्हणजे ४,५०० माइल्स. एक तृतीयांशापेक्षाही कमी! लांबचा प्रवास स्वस्त तिकिटावर करणारा माणूस, म्हणजे आपल्याकडून तिकडे गेलेली नोकरदार कुटुंबं, विद्यार्थी, वर्षा-दोन वर्षांनी गावी येणारी मंडळी, यांना याचा फटका जास्त बसला. कंपनीच्या पैशाने महागडं तिकीट काढून तासाभराचा प्रवास करणाऱ्याला मात्र फायदा झाला.

(ई) दरपत्रक भिंतीवरून काढलं

पूर्वी प्रत्येक कंपनीचं एक ठरावीक दरपत्रक असे. अमेरिकेत देशांतर्गत जाण्या-येण्याचं तिकीट अनेक वर्षे २५,००० माइल्सला मिळे. लोकांना तो आकडा पाठ होता. २०१५ मध्ये डेल्टाने आपलं दरपत्रक संकेतस्थळावरून काढून टाकलं. २०१९ मध्ये युनायटेडनेही आपल्या विमानांसाठी तेच केलं. आता मागणीप्रमाणे आकडा रोज बदलतो. दिवाळीत एसटीऐवजी खासगी बस पकडायला गेलं की भाडं कसं चढलेलं असतं, तसंच.

यातली गोम ओळखा. दरपत्रक असतं तेव्हा दरवाढ दिसते, लोक ओरडतात. दरपत्रकच नसेल तर ‘दर वाढला’ हे सिद्ध तरी कसं करणार?

६. माइल्सवर कर्ज

माइल्सचा धंदा किती मोठा आहे हे करोनाच्या काळात जगाला कळलं. २०२० मध्ये विमानं जमिनीवर उभी होती, कंपन्यांना रोकड हवी होती. तारण काय ठेवायचं? युनायटेडने आपली मायलेज प्लस योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. डेल्टाने त्याच वर्षी आपल्या योजनेवर ९ अब्ज आणि अमेरिकन एअरलाइन्सने २०२१ मध्ये १० अब्ज डॉलर उभारले. युनायटेडने तेव्हा आपल्या योजनेची किंमत सुमारे २२ अब्ज डॉलर सांगितली होती. त्या वेळी शेअर बाजारात अख्ख्या युनायटेड कंपनीची किंमत त्याहून कमी होती! म्हणजे विमानं, माणसं, मार्ग सगळं मिळून जे मोल, त्यापेक्षा या गुणांच्या वहीचं मोल जास्त.

एकीकडे बँकेला माइल्स विकून पैसे येतात. दुसरीकडे ग्राहकाकडे पडून असलेले माइल्स हे कंपनीच्या ताळेबंदात देणं असतं. तिकिटाला लागणारे माइल्स वाढवले की ते देणं हलकं होतं. कर्जदार स्वतःच्या कर्जाचा हिशोब स्वतःच बदलू शकला तर काय होईल, याचा विचार करा.

७. कायदा काय म्हणतो?

तुम्ही म्हणाल, लोक कोर्टात का जात नाहीत? गेले होते. १९८८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने नियम बदलून फुकट जागांवर मर्यादा घातली आणि काही तारखा वगळल्या. हे नियम आधी साठवलेल्या माइल्सनाही लागू केले. सभासदांनी इलिनॉय राज्यात दावा लावला. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९५ मध्ये निकाल लागला. न्यायालय म्हणालं की राज्याचा ग्राहक फसवणूक कायदा इथे लावता येणार नाही, कारण विमान कंपन्यांचे दर आणि सेवा यांत राज्यांनी हात घालू नये असं १९७८ चा कायदा सांगतो. मात्र कंपनीने स्वतःचाच करार मोडला असेल तर त्याबद्दल दाद मागता येईल.

ऐकायला बरं वाटतं. पण करारात काय लिहिलेलं असतं? ‘कंपनी नियम केव्हाही बदलू शकते.’ २०१४ मध्ये नॉर्थवेस्टच्या एका सभासदाला योजनेतून काढल्याचं प्रकरण त्याच न्यायालयात आलं. कंपनीने निदान सद्भावनेने वागायला हवं होतं, असं त्याचं म्हणणं होतं. राज्याच्या कायद्याने लादलेल्या अशा सद्भावनेच्या अटीवरही दावा टिकणार नाही, असा निकाल लागला.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या परिवहन खात्याने अमेरिकन, डेल्टा, साउथवेस्ट आणि युनायटेड या चार कंपन्यांकडे माहिती मागितली. साठवलेल्या गुणांचं अवमूल्यन, लपलेले किंवा बदलते दर, जादा शुल्क आणि घटलेली स्पर्धा हे त्यातले मुद्दे होते. म्हणजे सरकारलाही हे प्रकरण चॉकलेटाइतकं किरकोळ वाटत नाही.

तुलनेसाठी आपली रिझर्व्ह बँक घ्या. २०१६ पासून तिला कायद्याने भाववाढीचं लक्ष्य दिलेलं आहे: ४ टक्के, आणि दोन टक्के इकडे-तिकडे. सलग तीन तिमाही लक्ष्य चुकलं तर सरकारला लेखी कारण द्यावं लागतं. माइल्सच्या छापखान्याला असं पत्र लिहावं लागत नाही.

८. आपल्याकडचा अनुभव

भारतात याहून कडू धडाही मिळाला आहे. मुंबईत मुख्यालय असलेली जेट एअरवेज १९९३ पासून उडत होती. तिच्या जेट प्रिव्हिलेज योजनेत अनेक मराठी घरांचे माइल्स साठलेले होते. १७ एप्रिल २०१९ रोजी अमृतसरहून मुंबईला शेवटचं विमान आलं आणि कंपनी थांबली. योजना वेगळ्या कंपनीच्या नावावर असल्याने माइल्स बुडाले नाहीत. त्याच वर्षी ती ‘इंटरमाइल्स’ नावाने पुढे चालू राहिली. पण ज्या विमानात बसायचं म्हणून ते साठवले, ते विमानच उरलं नव्हतं. २०२४ मध्ये एअर इंडियानेही आपली योजना बदलून गुण खर्चावर द्यायला सुरुवात केली. जगाचा कल कुठे आहे ते यावरून कळतं.

९. कंपनीची बाजूही ऐकू

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकाच बाजूने रडू नये. कंपन्यांचंही म्हणणं आहे आणि त्यात तथ्य आहे.

एक, ज्याच्याकडून जास्त उत्पन्न येतं त्याला जास्त बक्षीस देणं हा धंद्याचा साधा नियम आहे. दोन, रोख भाडंच वाढलं असेल तर माइल्सचा आकडाही वाढणारच, त्या सगळ्याला अवमूल्यन म्हणता येणार नाही. म्हणूनच आपण सूत्रात रोख किंमत घेतली. तीन, बदलत्या दरांमुळे गर्दी नसलेल्या दिवशी पूर्वीपेक्षा कमी माइल्समध्येही तिकीट मिळू शकतं. चार, डेल्टा आणि युनायटेड यांनी माइल्सची मुदत संपण्याचा नियमच काढून टाकला आहे. (तरी माझा एक विद्यार्थी म्हणाला, “सर, बर्फाची लादी ठेवायला मुदत नाही, पण ती वितळतेच ना?” त्याला मी पूर्ण गुण दिले.)

आणि ग्राहकांचा आवाज अगदीच वाया जात नाही. २०२३ मध्ये डेल्टाने वरच्या दर्जाच्या सभासदत्वाचे आणि विश्रामकक्षाचे नियम फार कडक केले. लोक इतके चिडले की कंपनीचे प्रमुख एड बॅस्टियन यांनी आपण जरा जास्तच पुढे गेलो असं मान्य केलं आणि काही बदल मागे घेतले.

१०. मग शहाण्याने काय करावं?

१) माइल्स ही बचत समजू नका. बचत बँकेत, पोस्टात किंवा भविष्य निर्वाह निधीत करा. तिथे व्याज मिळतं. माइल्सला व्याज नाही, उलट झीज आहे.
२) मिळतील तसे वापरा. पिकलेला आंबा आणि जमलेले माइल्स फार दिवस ठेवू नयेत.
३) वापरण्यापूर्वी वरचं सूत्र लावा. रोखीने घेणं स्वस्त पडत असेल तर रोखीने घ्या.
४) माइल्स मिळावेत म्हणून गरज नसलेला खर्च करू नका. कार्डाची थकबाकी राहिली तर लागणारं व्याज माइल्सच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त असतं.
५) हाच नियम पेट्रोल पंपाच्या, मॉलच्या, मोबाइल ॲपच्या गुणांनाही लावा. देणारा आणि किंमत ठरवणारा एकच असेल तर सावध राहा.

ताईची गोष्ट

ताईचे माइल्स दोन वर्षांत पुरे होणार होते. दोन वर्षांनी पाहिलं तर तिकिटाचा आकडा पुढे सरकला होता. “थोडेच कमी पडतायत, अजून एक वर्ष,” ती म्हणाली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. क्षितिजाकडे चालत जावं तसं. असं करता करता पाच वर्षं गेली. एकदा फोनवर ती मला म्हणाली, “अरे, पहिल्याच वर्षी पदरचे पैसे घालून तिकीट काढलं असतं तर आई येऊन गेली असती.”

त्या पाच वर्षांत आईचा जिना चढणं बंद झालं. शेवटी ताईने विषय काढला तेव्हा आई म्हणाली, “आता मला नको गं एवढा प्रवास. तूच ये.” आईसाठी साठवलेले माइल्स वापरून ताई स्वतःच गेल्या मे महिन्यात आली आणि तीन आठवडे राहिली. आई रोज सकाळी तिला विचारायची, “फुकटच्या तिकिटाने आलीस ना?” आणि ताई “हो” म्हणायची.

पुस्तकात ‘मूल्यसंचय’ हा शब्द येतो तेव्हा मला आता हे आठवतं. माइल्सची किंमत सेंटमध्ये मोजता येते, सूत्र आपण शिकलोच. पण वाट पाहण्यात गेलेल्या वर्षांसाठी कुठलंही दरपत्रक नाही. म्हणून कशासाठी साठवतोय आणि कशात साठवतोय, हे दोन्ही प्रश्न आधीच विचारा.

स्वाध्याय

१) एक तिकीट रोखीने ९५० डॉलरला आहे. माइल्सवर घेतल्यास ६०,००० माइल्स आणि ५० डॉलर कर लागतो. एका माइलची किंमत काढा.
२) तिकिटाला लागणारे माइल्स ३०,००० वरून ४५,००० झाले, रोख भाडं तेच राहिलं. माइल्समधला दर किती टक्के वाढला? माइलची किंमत किती टक्के घटली?
३) पैशाच्या चार कार्यांच्या आधारे तुमच्या घरातील कोणत्याही एका गुणयोजनेचं परीक्षण करा.
४) ‘माइल्सचं अवमूल्यन हे भाववाढीचंच एक रूप आहे.’ तुम्ही सहमत आहात का? सकारण लिहा.
५) घरातल्या मोठ्या माणसांना विचारा: पुढे उपयोगी पडेल म्हणून जपून ठेवलेली आणि नंतर किंमत उरली नाही अशी एखादी गोष्ट आहे का? त्यावर दहा ओळी लिहा.

(उत्तरे: १. दीड सेंट. २. दर ५० टक्क्यांनी वाढला, किंमत सुमारे ३३.३ टक्क्यांनी घटली. पुढच्या तीन प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्ही शोधायची आहेत.)